जुने – उघडू नये

विद्यापीठाच्या पोर्टलवरच्या त्या पानावर एकूण सत्तेचाळीस लिंका होत्या. तामूने त्या दोनदा मोजल्या, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. नोंदवहीतल्या बेरजाही ती तशाच तपासत असे. सत्तेचाळीसपैकी एकोणीस उघडत होत्या. अकरा उघडत होत्या, पण आत काही नव्हतं. आठ पासवर्ड मागत होत्या आणि तो लॉगिनचा पासवर्ड नव्हता. कशाचा होता हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. सहा दाबल्या की माणूस हिंडून-फिरून परत त्याच पानावर येत होता. उरलेल्या तीन दाबल्या की लॅपटॉप रुसायचा आणि बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय बोलायचा नाही.

हे सगळं तिने जानेवारीतल्या एका शनिवारी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून, दोन तास दहा मिनिटांत लिहून काढलं. घरात मोबाइलची रेंज फक्त तिथेच, खिडकीपाशी येत असे. त्यामुळे विद्यापीठाचा सगळा अभ्यास तिने तेलाचा बुधला आणि पाव ठेवायची टोपली यांच्या मधल्या जागेत केला होता.

तामू चव्वेचाळीस वर्षांची होती. दमनातच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी एकवीस वर्षं तिच्याकडे होत्या. तिने कायद्याच्या पदवीला नाव घातलं तेव्हा कचेरीतले लोक म्हणाले होते, आता मेलेल्यांवर खटले भरायचेत वाटतं. छत्तीस विषयांपैकी पस्तीस झाले होते. फौजदारी झाला, वारसाहक्क झाला, ज्यात अर्धा वर्ग आपटला तो कराचा कायदाही पहिल्या फटक्यात झाला. राहिला होता तो पहिल्या सत्रातला पहिला विषय: ‘विद्यापीठात अभ्यास कसा करावा’.

याला कारण होतं. सुरुवातीला त्या विषयाचा तास मंगळवारी सकाळी शहरात असायचा आणि मंगळवारी तिला कचेरी सोडता यायची नाही. मग तो विषय पोर्टलवर गेला. गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी तिने पोर्टलवर परीक्षा पाऊण तास शोधली, आणि परीक्षा पाऊण तासाचीच होती. नंतर कळलं, की ती चौथ्या विभागात, ‘जुने – उघडू नये’ नावाच्या फोल्डरमध्ये होती. प्राध्यापकांनी त्याच्या आदल्या वर्षीचं सामान होतं तसं उचलून नव्या पानावर ठेवलं होतं आणि फोल्डरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. तामूने तो फोल्डर पाहिला होता. उघडू नये असं लिहिलं होतं म्हणून उघडला नव्हता. एकवीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. नोंदणीची मुदत या सत्राअखेर संपते. विषय राहिल्यास नोंदणी रद्द होईल. पुन्हा प्रवेश घेतल्यास छत्तीसच्या छत्तीस विषय पहिल्यापासून द्यावे लागतील. पत्रावर शिक्का होता, सही नव्हती. तामूने ते एका जाड वहीत चिकटवलं आणि पुढच्या पानापासून लिंका मोजायला घेतल्या. ‘जुने – उघडू नये’ या वर्षीही चौथ्या विभागात, त्याच नावाने होतं. आतली तिसरी लिंक परीक्षेची होती. ती राखाडी होती आणि दाबली जात नव्हती. ती राखाडी का आहे याचा शोध लागायला आणखी दोन शनिवार गेले. दुसऱ्या विभागातल्या पाचव्या लिंकेत चौदा पानी नियम होते. चौदाव्या पानाच्या तळाशी एक चौकोन होता. त्यात खूण केल्याशिवाय परीक्षेची लिंक कोणाला ओळख दाखवत नव्हती. तामूने चौदा पानं वाचली आणि खूण केली.

या वर्षी लॉगिनची रीत बदलली होती; पोर्टलमध्ये शिरायचं कसं, हे तिला ईदरने दाखवलं होतं. ईदर बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. वय बावीस, याच विद्यापीठाचा विद्यार्थी, हाच विषय राहिलेला, तिसऱ्यांदा. तरी गावातल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे पासवर्ड त्याच्या दुकानातल्या एका वहीत लिहिलेले होते आणि या विषयाच्या परीक्षार्थींचा मोबाइलवरचा ग्रुपही तोच चालवायचा. ग्रुपात चारशे बारा जण होते.

“हे बघा मावशी, इथे नाव टाकायचं, इथे पासवर्ड, आणि मग इथे दाबायचं,” तो नोव्हेंबरात म्हणाला होता.

“दाबण्याआधी कोणाला सांगायला नको?”

“कोणाला?”

“आत जे कोणी असतील त्यांना.”

“आत कोणी नसतं. पोर्टल आहे मावशी, आंघोळीचा हमाम नाही.”

पण आत चर्चेचं एक पान होतं. येणाऱ्याने तिथे काही लिहावं अशी सोय होती आणि वर ‘सर्वांचे स्वागत’ असं प्राध्यापकांनी ऑक्टोबरात लिहून ठेवलेलं होतं. तामूच्या दृष्टीने प्रश्न मिटला. दमनातमध्ये माणूस दुकानात शिरो, कचेरीत शिरो की बसमध्ये चढो, आधी सगळ्यांना मिळून सलाम करतो आणि मग आपलं काम सांगतो. तिच्या खिडकीशी येऊन कोणी सलामाशिवाय कागद पुढे केला, तर तो कागद कितीही तातडीचा असला तरी तिला आधी पेन सापडायचं नाही. म्हणून पोर्टलमध्ये गेल्यावर ती कुठल्याही लिंकेला हात लावण्याआधी चर्चेच्या पानावर लिहायची: ‘सलाम अलैकुम. तामू, दमनात.’ पोर्टल त्याच्या खाली वार आणि वेळ छापायचं, आणि त्याच्या खाली ‘उत्तरे: ०’.

ही छापलेली वेळ ती वहीत उतरवून ठेवायची. शेजारच्या रकान्यात स्वयंपाकघरातल्या घड्याळाची वेळ लिहायची. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. जन्माच्या नोंदीत दोन वेळा लिहायच्या असतात, जन्मल्याची आणि कळवल्याची. एकच रकाना भरला की तिला जेवण अर्धवट सोडून उठल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या रकान्यात दोन्हींतला फरक.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बांचं होतं. बा हद्दू तिचे वडील, वय एकोणऐंशी. गावच्या पाटाचे ते चाळीस वर्षं पाटकरी होते. कोणाच्या ऑलिव्हच्या बागेला पाणी किती वाजता सोडायचं आणि किती वाजता तोडायचं, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. मग सरकारने घड्याळं बारा महिने एक तास पुढे ठेवायचं ठरवलं. ज्या दिवशी ते ठरलं त्या दिवशी पाण्याचा एक तास कुठे गेला, यावर दोन सख्ख्या भावांत जुंपली, एक फावडं मोडलं आणि एकाला चार टाके पडले. बांनी त्याच संध्याकाळी मशिदीबाहेर जाहीर केलं, की सरकारने सरकारचं बघावं, पाट जुन्या वेळेने चालेल. तेव्हापासून पाट, बा आणि घरातलं घड्याळ हे तिघे देशाच्या एक तास मागे होते. फक्त रमजानच्या महिन्यात सरकार घड्याळं मागे घेई, तेव्हा महिनाभर देशाची आणि बांची वेळ एक होई.

“बा, सगळा देश नवी वेळ पाळतो,” तामू कधी तरी म्हणायची.

“सूर्याला परिपत्रक गेलंय का?”

“माझी बस चुकते.”

“बस त्यांच्या वेळेने पकड. भाकरी माझ्या वेळेने खा.”

त्यामुळे तिसऱ्या रकान्यात नेहमी साठ यायचे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चौतीस सलाम झाले होते. त्यांपैकी तीस वेळा फरक साठ मिनिटं होता आणि चार वेळा एकसष्ट. बांचं घड्याळ आठवड्याला मिनिटभर मागे पडायचं. बा शुक्रवारी दुपारच्या अजानवर ते लावून घ्यायचे. चारही एकसष्ट गुरुवारचे होते.

चौतीस सलामांना एकही उत्तर आलं नव्हतं. ग्रुपातही ती सुरुवातीला रोज सकाळी सलाम पाठवायची. दहाव्या दिवशी ईदरने ग्रुपाची अशी व्यवस्था केली, की त्याच्याशिवाय कोणालाच लिहिता येऊ नये.

“मावशी, चारशे बारा लोकांचे मोबाइल वाजतात सकाळी,” ती दुकानात गेली तेव्हा तो म्हणाला.

“कोणी उत्तर दिलं?”

“कोणी कशाला देईल?”

“सलामाचं उत्तर देणं फर्ज असतं.”

“ग्रुपात नसतं.”

“हे कुठल्या इमामाने सांगितलं?”

ईदरने मशिनचं झाकण उघडलं आणि आत अडकलेला कागद शोधू लागला. कागद अडकलेला नव्हता.

“नियमांच्या पानावर खूण केलीस का?” तिने विचारलं.

“नियम कोण वाचतं, मावशी? तुम्ही वाचा आणि मला सांगा.”

“चौदा पानं आहेत.”

“मग रमजाननंतर सांगा.”

परीक्षेची सूचना आली. रविवारी सकाळी दहा ते पावणेअकरा. वीस प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. एकच संधी. उत्तीर्ण व्हायला दहा गुण. तो रविवार म्हणजे रमजानच्या आधीचा रविवार होता. त्या पहाटे देशातली घड्याळं एक तास मागे जाणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी ईदरने ग्रुपात लिहिलं, की उद्या घड्याळं मागे जात आहेत, तेव्हा अभ्यास न झालेल्यांनी एक तास जास्त झोपून घ्यावं. त्याला दोनशे सहा अंगठे आले.

रविवारी सकाळी तामू तीळ भाजत होती. रमजान चार दिवसांवर आला होता आणि उपास सोडताना खायचं सल्लूचं गोड पीठ व्हायचं होतं. मैदा आदल्या दिवशी भाजून झाला होता, बदाम सोलून, तळून कापडावर पसरले होते. परीक्षा दहाला, म्हणजे तोवर तीळ उरकतील असा तिचा हिशोब होता. बा खिडकीशेजारी बसून चहा पीत होते. एरवी रविवारी या वेळी ते बाजारात असायचे. पण आजचा दिवस वर्षातून एकदाच यायचा, आणि तो त्यांना घड्याळासमोर बसून घालवायचा होता.

तिने तिळांखालचा गॅस बारीक केला, हात पुसले, पोर्टल उघडलं आणि लिहिलं: ‘सलाम अलैकुम. तामू, दमनात.’ खाली छापून आलं: रविवार, ९:५१. उत्तरे: ०. भिंतीवर आठ एक्कावन्न झाले होते. तिने दोन्ही वेळा वहीत लिहिल्या, तिसऱ्या रकान्यात साठ लिहिलं आणि तिळांकडे परतली. पस्तीस नोंदी, एकतीस वेळा साठ. सगळं जिथल्या तिथे होतं.

“तुझा मोबाइल आण,” बा म्हणाले.

“कशाला?”

“आण तर.”

तिने मोबाइल दिला. बांनी तो घड्याळाशेजारी, हात लांब करून भिंतीला लावून धरला. मोबाइलमध्ये आठ चोपन्न होते. घड्याळात आठ चोपन्न होते.

“बघ,” ते म्हणाले. “आले सगळे माझ्याकडे. मंत्री आले, पोलीस आले, तुझी कचेरी आली. अकरा महिने भटकले आणि शेवटी दार कुठलं ठोठावलं? माझं.”

“बसवून घ्या सगळ्यांना. चहा द्या.”

“देतो. महिनाभराचे पाहुणे आहेत. आज या देशात एकही घड्याळ माझ्या पुढे नाही.”

तामू तीळ ढवळत होती. उलथनं दोनदा फिरलं आणि मग थांबलं. तिने मान वळवून वहीकडे पाहिलं. आज देशातलं एकही घड्याळ बांच्या पुढे नसेल, तर तिसऱ्या रकान्यात शून्य यायला हवं होतं. तिथे साठ होतं, तिच्याच अक्षरात, शाई ओली.

तिने लॅपटॉपपाशी जाऊन आपला सलाम पुन्हा वाचला. ९:५१. चूक उतरवण्यात नव्हती. मग तिने वहीची मागची तीन पानं उलटली. नोव्हेंबरपासून पोर्टल देशाबरोबर चाललं होतं. आज पहाटे देश एक तास मागे सरकला. पोर्टल सरकलं नव्हतं. परीक्षा पोर्टलच्या दहाला उघडणार आणि पोर्टलच्या पावणेअकराला मिटणार. पावणेअकरा म्हणजे भिंतीवरचे पावणेदहा. देशातले चारशे बारा लोक त्यानंतर पंधरा मिनिटांनी येऊन बसणार होते.

भिंतीवर आठ छप्पन झाले होते.

तिने मोबाइल उचलला. लॅपटॉपवर बोट ठेवायच्या आधी मोबाइल का उचलला, याचा तिने विचार केला नाही. रांग दाराबाहेर असताना आतल्या माणसाला गाठून एकट्यापुरतं काम करून घेणाऱ्यांना ती एकवीस वर्षं परत रांगेत पाठवत आली होती. ईदरचा फोन सहाव्या घंटीला उचलला गेला.

“मावशी, झोपलोय.”

“परीक्षा चार मिनिटांवर आलीय.”

“मावशी,” ईदर फार समजुतीच्या आवाजात म्हणाला, “घड्याळं आज मागे गेली. आत्ता आठ छप्पन झालेत. अजून एक तास आहे. चहा प्या.”

“आपलं मागे गेलं. पोर्टलचं गेलं नाही.”

“कोण म्हणालं?”

“मी आत्ता सलाम केला, त्यावर नऊ एक्कावन्न पडलंय. तेव्हा बांच्या घड्याळात आठ एक्कावन्न होते.”

“बांचं घड्याळ एक तास मागेच असतं, मावशी. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“रोज असतं. आज नसायला हवं.”

पलीकडे पलंग करकरला.

“म्हणजे हे पोर्टल आहे कुठल्या देशात?”

“ते रमजाननंतर शोध. ग्रुपात लिही आधी.”

“लोक हसतील. कालच मी लिहिलंय, झोपा म्हणून.”

“मग उठा म्हणून लिही. आणि नियमांवर खूण कर. दुसरा विभाग, पाचवी लिंक. वाचत बसू नकोस, तळाशी जा.”

“माझा पासवर्ड दुकानातल्या वहीत आहे.”

“मग पळ.”

हे संभाषण एक मिनिट चाळीस सेकंद चाललं. तामूने मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला, चर्चेच्या पानावर गेली आणि वेगळी नोंद करून लिहिलं: ‘परीक्षा आत्ता आहे. पोर्टलची वेळ बदललेली नाही. आधी दुसरा विभाग, पाचवी लिंक, चौदावं पान, तळाशी खूण. मग चौथा विभाग, जुने – उघडू नये. उघडावे. तिसरी लिंक.’

पोर्टलने वेळ छापली: ९:५९.

“काय झालं?” बांनी विचारलं.

“परीक्षा. आत्ताच आहे.”

“दहाला होती ना?”

“पोर्टलवर दहाच वाजतायत.”

बांनी भिंतीकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. “म्हणजे एक राहिलाच,” ते म्हणाले. “एक जण आला नाही माझ्याकडे.”

“बा, तुम्ही तीळ ढवळा. थांबू नका, करपतील. आणि माझ्याशी बोलू नका.”

“किती वेळ?”

“पाऊण तास.”

“तीळ पाऊण तास भाजत नाहीत.”

“मग उतरवा आणि दुसरा घाणा घाला. पिशवी तिकडे आहे.”

चौथा विभाग. जुने – उघडू नये. तिसरी लिंक निळी झाली होती. तामू बिस्मिल्ला म्हणाली आणि दाबली. कोपऱ्यात एक छोटं घड्याळ उलटं धावू लागलं.

पहिले सहा प्रश्न सोपे होते. ग्रंथालय म्हणजे काय, टिपण कसं काढावं, संदर्भ कसा द्यावा. सातवा होता वेळेच्या नियोजनाबद्दल: हुशार विद्यार्थी परीक्षेच्या ठिकाणी केव्हा पोहोचतो? चार पर्याय होते. तिने ‘ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी’ निवडलं. बाराव्या प्रश्नात ऑनलाइन पोर्टलचा सर्वांत मोठा फायदा विचारला होता. पर्याय असे: सगळी माहिती एका जागी सहज सापडते, विद्यार्थी आपल्या वेळेने शिकू शकतो, शिक्षकाशी सतत संपर्क राहतो, वरील सर्व. तामूने ओट्यावरच्या वहीकडे एकदा पाहिलं. मग ती मिटून टोपलीमागे सरकवली आणि ‘वरील सर्व’वर खूण केली.

“हे उडायला लागलेत,” बा म्हणाले.

तिने मान वर केली नाही. बांनी तवा उतरवला, तीळ ताटात ओतले, एक दाणा चावून पाहिला आणि दुसरा घाणा घातला. पाटाचं पाणी तोडताना ते जसे थोडे वाकून उभे राहायचे तसेच उभे होते. एक डोळा तव्यावर, एक घड्याळावर.

तेरावा, चौदावा आणि सोळावा तिला नक्की येत नव्हते. तेराव्याला तिने अंदाज केला. चौदाव्याचं उत्तर चौदा पानी नियमांत कुठे तरी वाचल्याचं आठवलं. कुठे ते आठवलं नाही. मोबाइल ओट्यावर उपडा थरथरत होता. तो दर अर्ध्या मिनिटाला थोडा पुढे सरकायचा आणि तेलाच्या बुधल्याला लागून किणकिण वाजायचा. बांनी तो उचलून पिठाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं.

अठराव्या प्रश्नाला पान अडकलं. मधलं वर्तुळ गोल गोल फिरू लागलं. रेंजची एकच काडी उरली होती. तामूने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर, बांच्या चहाच्या पेल्याशेजारी ठेवला. वर्तुळ फिरत राहिलं. तिने मनात सेकंद मोजले. अठ्ठावीस झाले तेव्हा प्रश्न आला. तिने उत्तर दिलं, मग एकोणिसाव्याचं, मग विसाव्याचं. मग सगळी उत्तरं शेवटाकडून पहिल्याकडे एकदा तपासली, एक बदललं आणि पाठवायचं बटण दाबलं. पोर्टलने विचारलं, नक्की पाठवायचं का. तिने होय म्हटलं. पोर्टलने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा होय म्हटलं.

‘निकाल तयार होत आहे,’ असं आलं, आणि वर्तुळ.

“झालं?” बांनी विचारलं.

“माझं झालं. त्याचं चाललंय.”

थांबायचंच होतं म्हणून तिने शेजारी चर्चेचं पान उघडलं. तिच्या सकाळच्या सलामाखाली लिहिलेलं होतं, ‘उत्तरे: २६’. तिने आकड्यावर दाबलं. पहिलं उत्तर ईदरचं होतं, १०:०९ चं: ‘व अलैकुम सलाम, मावशी.’ त्याखाली बेल्ला गावच्या एका मुलीचं, मग अज़िलालहून एकाचं, मग ओळीने ज्यांची नावं तिला ठाऊक नव्हती अशांची. पंचवीस जणांनी सलामाचं उत्तर दिलं होतं, त्यातल्या काहींनी घाईत अर्धं. सव्विसाव्याने विचारलं होतं, की ‘उघडावे’ म्हणजे नक्की उघडायचं का.

“कोणी उत्तर दिलं वाटतं,” बा तिचा चेहरा बघून म्हणाले.

“सव्वीस.”

“चौतीसांची राहिली अजून.”

“पस्तिसाव्याची आली.”

बांनी मान हलवली आणि दुसरा घाणा ताटात ओतला. पहिल्यापेक्षा तो एक छटा गडद होता. त्यांनी दोन्ही ताटं शेजारी शेजारी सरकवली आणि फरक दिसू नये म्हणून तीळ हाताने कालवले.

तामू मागच्या पानावर आली. वर्तुळ थांबलं होतं. तिने टोपलीमागून वही काढली आणि पोर्टलवर होतं ते तसंच उतरवून घेतलं.

प्रयत्न: १ पैकी १. सुरुवात: रविवार, १०:०१. समाप्ती: रविवार, १०:४१. लागलेला वेळ: ३९ मिनिटे ५२ सेकंद. गुण: २० पैकी १३.७५.

शेजारच्या रकान्यात तिने भिंतीवरची समाप्तीची वेळ लिहिली, ९:४१. तिसऱ्या रकान्यात, ६०.